लिंबाने पुसलेला निळा रंग: खाडीकाठच्या एका शाळेतला पचनाचा पाठ

प्रसंग

सिंधुदुर्गातल्या खाडीकाठच्या एका गावातली जिल्हा परिषदेची शाळा. सहावी आणि सातवी एकाच खोलीत बसतात, शिकवायला एकच बाई. प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट. त्यात एक भिंग, दोन परीक्षानळ्या, चुंबकाचा तुकडा आणि माणसाचं प्लास्टिकचं धड, ज्यातलं यकृत केव्हाच हरवलं आहे.

पाठ पचनसंस्थेचा. वाक्य मुलांना तोंडपाठ होतं: ‘लाळेत टायलिन नावाचे विकर असते, ते पिष्टमय पदार्थांचे शर्करेत रूपांतर करते.’ बाईंनी विचारलं, “कशावरून?” (विकर म्हणजे अन्न मोडायचं काम करणारा पदार्थ, इंग्रजीत एन्झाइम.) पुस्तकात दिलंय म्हणून, यापलीकडे वर्गाकडे उत्तर नव्हतं.

या प्रश्नावर सहसा दिला जाणारा उपाय म्हणजे भात किंवा पोळी बराच वेळ चावायची आणि गोड लागते का ते सांगायचं. तो इथे मुद्दाम गाळला. भाताचा गोडवा फार पुसट असतो आणि ‘गोड लागतंय ना?’ असं बाईंनी विचारलं की मुलं हो म्हणतात. तो पुरावा नव्हे, भिडस्तपणा आहे. म्हणून डोळ्यांना दिसेल असा बदल निवडला. आयोडीन पिष्टाला निळं-काळं करतं. पिष्ट मोडलं की निळा रंग येत नाही. कोकणात पिष्टाचं तयार द्रावण घरोघरी रोज शिजतं, ते म्हणजे पेज.

सामान आणि प्रमाण

या प्रयोगात हात राखायचा तो फक्त प्रमाणात. बहुतेक शाळांत तो फसतो याचं कारण एकच, पेज दाट आणि आयोडीन कडक. सगळं शाईसारखं काळं होतं आणि तास संपला तरी काळंच राहतं. मुलं म्हणतात, लाळेने काही होत नाही. आणि समोर जे दिसलं त्यावरून त्यांचं चूक नसतं.

पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंकडून फोडणी पडण्याआधीचा साधा भात एक मोठा चमचा घेतला. फोडणीनंतरचा चालत नाही, हळदीचा पिवळा रंग सगळा निकाल गढूळ करतो. भात एक कप गरम पाण्यात चुरून, धुवट फडक्यातून गाळून पूर्ण गार केला. ही झाली मूळ पेज. तिच्यातले १० मि.ली. घेऊन त्यात ९० मि.ली. पाणी आणि चिमूटभर मीठ. मीठ चवीसाठी नाही: लाळेतल्या विकराला नीट काम करायला क्लोराइड लागतं, आणि ते मिठात असतं. घरून उकड्या तांदळाची पेज आणली तरी चालते, फक्त ती शिळी, आंबलेली नको.

आयोडीनसाठी औषधाच्या दुकानातलं जखमेवर लावायचं ५ टक्क्यांचं पोव्हिडोन-आयोडीन घेतलं. त्यातलं १ मि.ली. ५० मि.ली. पाण्यात, रंग कोऱ्या पातळ चहासारखा यायला हवा. दुकानात याच नावाचं हात धुण्याचं द्रावणही मिळतं, त्यात साबण असतो, ते घेऊ नये. जाता जाता, या किनाऱ्यावरच्या मुलांना सांगण्यासारखी एक गोष्ट: आयोडीनचा शोध १८११ साली फ्रान्समध्ये बर्नार कुर्त्वा यांना लागला तो समुद्री शेवाळाच्या राखेतून. खडपावर पाय घसरवणारं शेवाळ आणि जखमेवरचं तपकिरी औषध यांचं नातं मुलांना चांगलं लक्षात राहतं.

पेज पुरेशी पातळ आहे का, हे बघायची खूण सोपी आहे. ५ मि.ली. पातळ पेजेत आयोडीनचे चार थेंब टाकायचे आणि शिशीमागे वर्तमानपत्र धरायचं. निळ्यातून बारीक अक्षर वाचता आलं तर प्रमाण बरोबर. वाचता येत नसेल तर पेजेत आणखी पाणी.

मापासाठी बिनसुईच्या ५ मि.ली.च्या सिरिंज घेतल्या. थेंबांच्या परीक्षेसाठी संपलेल्या गोळ्यांच्या पारदर्शक पट्ट्या: मागचा चंदेरी कागद सोलून काढला की दहा-दहा छोट्या वाट्या मिळतात. पट्टी पांढऱ्या कागदावर ठेवायची. चिनी मातीची बशीही चालते, पण तिच्यावरचे थेंब एकमेकांत मिसळतात.

लाळ

मुलांनी आधी साध्या पाण्याने चूळ भरली. मग एकेकाने आपापल्या कपात लाळ जमवायची, साधारण १ मि.ली. हे मागायला सोपं वाटतं, पण वर्गात लाजून तोंडं कोरडी पडतात. बाईंनी टेबलावर कैरीची फोड मीठ-मसाला लावून ठेवली. खायची नाही, नुसती बघायची. एवढं पुरलं. (मेंदू लाळग्रंथींना कामाला लावतो, हा वेगळा पाठ न घेताही होऊन गेला.)

१ मि.ली. लाळेत ४ मि.ली. पाणी घालून ती पातळ केली. म्हणजे एकाच मुलाच्या लाळेतून चार-पाच शिश्यांचं काम भागतं आणि वेगही मोजता येईल इतका मंद होतो. कच्ची लाळ तशीच ओतली तर कधी कधी पहिल्या मिनिटातच सगळं आटोपतं आणि बदल होताना दिसतच नाही.

पहिली फेरी

प्रत्येक गटाकडे तीन शिश्या. पहिलीत ५ मि.ली. पेज आणि १ मि.ली. पातळ लाळ. दुसरीत ५ मि.ली. पेज आणि १ मि.ली. पाणी. तिसरीत पेज आणि उकळलेली लाळ: लाळेची काचेची शिशी उकळत्या पाण्याच्या वाटीत पाच मिनिटं उभी ठेवून मग गार केलेली. ही उकळण्याची पायरी बाईंनी स्वतःच्या हातात ठेवली.

पट्टीच्या प्रत्येक वाटीत आधी आयोडीनचा एक थेंब. मग दर मिनिटाला शिशीतल्या मिश्रणाचे दोन थेंब पुढच्या वाटीत. आयोडीन शिशीत ओतायचं नाही, वाटीतच भेटवायचं. नाहीतर आयोडीन विकराच्याही कामात अडथळा आणतं.

पहिल्या शिशीच्या रांगेत रंग असा उतरत गेला: गडद निळा, मग जांभळट, मग विटकरी, आणि शेवटी फक्त आयोडीनचा मूळ चहाचा रंग. मधला विटकरी टप्पा महत्त्वाचा. पिष्टाची लांब साखळी एकदम साखर होत नाही. आधी तिचे मध्यम तुकडे होतात, आणि ते आयोडीनला निळा नव्हे तर लालसर रंग देतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या शिशीच्या रांगा शेवटपर्यंत निळ्या राहिल्या. उकळल्याने विकर निकामी झालं, हे कुणी सांगावं लागलं नाही.

कोकणात या प्रयोगाला गरम पाण्याची सोय करावी लागत नाही हा एक फायदा. वर्गातलं तापमान बहुतेक वर्षभर तिशीच्या आसपास, शरीराच्या तापमानाच्या बरंच जवळ. पावसाळ्यात गार वाटलं तर शिशी मुठीत धरली की झालं.

गटागटांत वेळेचा फरक पडला. कुणाचा रंग तीन-चार मिनिटांत गेला, कुणाला दहा लागली. लगेच शर्यत सुरू झाली, कोणाची लाळ जास्त ‘जोरदार’. इथे शिक्षकाने दोन गोष्टी सांगितलेल्या बऱ्या. एक, लाळेतल्या या विकराचं प्रमाण माणसागणिक खरोखरच खूप बदलतं आणि त्यात काही वाटा आनुवंशिक असतो. त्याचा हुशारी-ताकदीशी संबंध नाही. दुसरी, थेंब लहान-मोठे पडले, लाळ कमी जमली तरीही एवढा फरक पडतो. एकाच मुलाच्या लाळेची दोनदा मोजणी केल्याशिवाय दोन मुलांची तुलना करण्यात अर्थ नाही.

लिंबू

पुढचा प्रश्न ठरलेला होता. घास गिळला की तो जठरात, आम्लात जातो. तिथे लाळेचं काम चालू राहतं का? पुस्तक म्हणतं, थांबतं. तपासायला आम्ल हवं. आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, हाताशी होतं, पण त्याचा लाल रंग सगळंच झाकून टाकतो, म्हणून ते बाद. पोषण आहाराच्या खोलीत लिंबं होती. एका नव्या शिशीत ५ मि.ली. पेज, १ मि.ली. गाळलेला लिंबाचा रस, वरून १ मि.ली. पातळ लाळ. अपेक्षा अशी की आम्लात विकर बंद पडेल आणि रांग निळीच राहील.

पहिल्याच वाटीत निळा रंग आलाच नाही. एक मुलगा ओरडला, “बाई, ह्यात पेज उरलीच नाय!” चारही गटांत तेच. बहुतेक वह्यांत निष्कर्ष लिहून झाला: आम्लामुळे पिष्टाचं पचन लगेच होतं.

इथे या प्रकरणाची खरी गाठ आहे. वर्गासमोर दोन सोपे रस्ते होते. ‘प्रयोग चुकला, पुस्तकात आहे ते बरोबर’ असं सांगून पुढे जाणं हा पहिला. मुलांचा निष्कर्ष तसाच सोडून देणं हा दुसरा. पहिल्याने मुलं एवढंच शिकतात की आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. दुसऱ्याने ती उलटं शरीरशास्त्र घेऊन घरी जातात. तिसरा रस्ता निघाला तो एका मुलीच्या बारीक नजरेमुळे. तिने सकाळची पट्टी आणि आत्ताची पट्टी शेजारी ठेवली होती. सकाळच्या शेवटच्या वाटीत निळा नव्हता, पण चहाचा रंग होता. आत्ताच्या वाटीत तोही नव्हता. नुसतं गढूळ पाणी. ती म्हणाली, “बाई, हय आयोडीनच नाय आसा.”

ती म्हणाली ते खरं होतं. लिंबात क जीवनसत्त्व, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल असतं. ते आयोडीनचं रूपांतर रंगहीन आयोडाइडमध्ये करतं, आणि आयोडाइड एकटं पिष्टाला निळं करू शकत नाही. पिष्ट शिशीत जसंच्या तसं होतं. ते दाखवणारा साक्षीदारच लिंबाने गप्प केला होता.

साक्षीदाराची उलटतपासणी

स्पष्टीकरण लगेच सांगून टाकण्याऐवजी बाईंनी विचारलं: पेज पचली की आयोडीन गेलं, हे वेगळं कसं काढाल? मुलांकडून, थोड्या ढोसण्याने, तीन चाचण्या निघाल्या. त्या तिन्ही इथे देतो, कारण हाच भाग कुठल्याही शाळेत जसाच्या तसा उचलता येतो.

पहिली: पेज आणि लिंबू, लाळ मुळीच नाही. याही शिशीच्या थेंबांनी आयोडीनचा रंग घालवला. म्हणजे लाळेचा यात हात नाही.

दुसरी: साधं पाणी आणि लिंबू, पेजही नाही. तरीही वाटीतला चहाचा रंग गेला. म्हणजे पेजेचाही हात नाही. भांडण लिंबू आणि आयोडीन यांच्यातलं आहे.

तिसरी सगळ्यांत देखणी. लिंबू-पेज-लाळेच्या रंगहीन शिशीत पातळ न केलेलं आयोडीन थेंबाथेंबाने टाकायचं आणि प्रत्येक थेंबानंतर हलवायचं. पहिला थेंब पडताच निळा ढग उठतो आणि हलवलं की विरतो. दुसराही तसाच. तिसऱ्या-चौथ्या थेंबाच्या सुमारास क जीवनसत्त्व संपतं, निळा रंग उठतो आणि टिकतो. पेज तिथेच होती, हे शिशी स्वतः सांगते. लिंबू किती ताजं यावर थेंब कमी-जास्त होतील. फळातलं क जीवनसत्त्व मोजण्याची पद्धतही मुळात याच तत्त्वावर उभी आहे, त्यामुळे जिज्ञासू वर्गाला इथून पुढे आवळा, लिंबू आणि पेरू यांची तुलना करता येते. पण तो पचनाचा पाठ राहत नाही, त्याला वेगळा दिवस द्यावा.

याच कारणाने चघळायच्या क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी या प्रयोगाला घेऊ नये. धुतली तरी कोपऱ्यात भुकटी राहते. आणि याच कारणाने गणवेशावर पडलेला आयोडीनचा डाग लिंबू चोळून जातो, ही माहिती घरच्यांच्या रागावर उतारा म्हणून उपयोगी पडली.

मग एका मुलाने विचारलेला प्रश्न बिनतोड होता: सकाळी पहिल्या शिशीतही लाळेनेच आयोडीन खाल्लं नसेल कशावरून? शंका अगदी निराधार नाही. लाळेत थोड्या प्रमाणात आयोडीनशी भिडणारे पदार्थ असतातच. म्हणून चौथी शिशी करायला लागली: १ मि.ली. पातळ लाळ आणि ५ मि.ली. पाणी, पेज नाही. तिच्या थेंबांनंतर वाटीत चहाचा रंग जवळजवळ तसाच राहिला. आता सकाळचा निकाल पक्का झाला. पुन्हा हा पाठ घेणाऱ्याने ही चौथी शिशी पहिल्या फेरीतच ठेवावी. आणि निकाल वाचताना ‘निळा गेला का’ एवढंच न विचारता ‘चहाचा रंग उरला का’ हेही विचारावं.

व्हिनेगर आणि सोडा

आम्ल हवं, पण आयोडीनला न छेडणारं. रंगहीन व्हिनेगर यासाठी योग्य. लिंबाच्या जागी १ मि.ली. व्हिनेगर घालून तीच शिशी केली. लाळ घातल्यावर पंधरा मिनिटांनीही रांग निळीच. व्हिनेगर आणि पाण्याची तपासणी-शिशी आता मुलांनी न सांगता आधी मांडली.

क्रम पाळावा लागतो: आधी पेजेत व्हिनेगर, मग लाळ. उलट केलं तर व्हिनेगर पडेपर्यंत लाळेने निम्मं काम उरकलेलं असतं आणि निकाल अर्धवट, विटकरी येतो. जठरातलं आम्ल याहून बरंच तीव्र असतं, हे सांगावं. व्हिनेगर म्हणजे जठररस नव्हे.

मग पेजेचं पुढे काय होतं? त्याच शिशीत खायचा सोडा अगदी चिमटीच्या टोकाने, फसफस थांबेपर्यंत. थोड्या वेळाने तपासलं तर रंग बहुधा निळाच, कारण आम्लात बिघडलेलं विकर सहसा परत उभं राहत नाही. पण ताजी पातळ लाळ १ मि.ली. घातली की रंग उतरू लागतो. लहान आतड्यात घडतं ते याच धर्तीवर: स्वादुपिंडाचा रस आम्ल मारतो आणि पिष्ट मोडणारं नवं विकर सोबत आणतो. मुलांच्या चित्रांत स्वादुपिंड नेहमी एक निनावी पान असतं. या शिशीनंतर त्याला काम मिळालं. सोडा जास्त पडला तर मात्र आयोडीनचा रंग परत दगा देतो, म्हणून चमचा वापरायचा नाही. शिशी अर्धीच भरलेली हवी, नाहीतर फेस टेबलावर.

‘पोटात आम्ल आहे हे बघितलं कोणी?’ हा प्रश्न येतोच. १८२२ साली अमेरिकेत ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीची गोळी घुसली. तो जगला, पण जठराला बाहेरून उघडं भोक राहिलं. डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्यातून रेशमी दोऱ्याला मांस, पाव, कोबी बांधून आत सोडलं, ठराविक वेळाने ओढून बघितलं आणि १८३३ साली ते सगळं छापलं. मुलं हे श्वास रोखून ऐकतात. त्या माणसाला हे करून घ्यायचं होतं का, हा प्रश्न मुलांनीच काढला तर टाळू नये. उत्तर फारसं शोभादायक नाही.

नऊवारी

शिश्यांतून रसायन दिसलं, लांबी नाही. ‘लहान’ आतडं लांबीने ‘मोठ्या’पेक्षा कमी असणार असं वर्गातल्या बहुतेकांना वाटत होतं. यासाठी दोरीपेक्षा जुनी नऊवारी जास्त उपयोगाची, कारण नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आत-बाहेर, आणि पुस्तकातल्या आकड्यांची बेरीज तिथेच येते: तोंड ते घसा १० सें.मी., अन्ननलिका २५, जठर २५, लहान आतडं ६ मीटर, मोठं आतडं दीड मीटर. व्हरांड्यात नऊवारी लांब पसरून प्रत्येक हद्दीवर कपड्यांचा चिमटा लावला. सहा मीटरचा पट्टा चालत जाऊन बघितल्यावर ‘लहान’ म्हणजे व्यासाने लहान, हे समजवावं लागलं नाही: लहान आतडं सुमारे अडीच सें.मी. रुंद, मोठं त्याच्या दुपटीहून जास्त.

मग एका मुलाला फरशीवर झोपवून खडूने धडाची बाह्यरेषा काढली आणि ती नऊवारी फक्त पोटाच्या भागात बसवायला सांगितली, न चुरगळता, कुठेही पीळ न पडता. पीळ पडला की अन्न अडलं, असा नियम. नागमोडी घड्या घालायची युक्ती गटांना स्वतःच सुचली. एक सूचना करणं भाग आहे: हे आकडे प्रौढ माणसाचे आहेत आणि मृत शरीरात मोजलेल्या लांबीच्या जवळचे. जिवंतपणी आतड्याचे स्नायू आकसलेले असल्याने ते आखूड असतं. मुलाच्या बाह्यरेषेत प्रौढाचं आतडं कोंबताना जी दाटी होते ती थोडी या कारणानेही.

आतड्याच्या आतल्या घड्यांसाठी टर्किशचा टॉवेल आणि तेवढंच धोतराचं कापड भिजवून पिळून पाणी मोजण्याची कृती बऱ्याच पुस्तकांत असते. केली तरी चालते, पण तिच्यात वेळ घालवू नये. टॉवेल पाणी धरून ठेवतो, आतडं ते पुढे रक्तात पाठवतं. त्याऐवजी आकडा दाखवावा. पचनमार्गाच्या आतल्या अस्तराचं क्षेत्र टेनिसच्या मैदानाएवढं असं अजूनही छापलं जातं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या मोजणीने ते सुमारे ३० चौरस मीटरवर आणलं. पाच मीटर बाय सहा मीटरचा चौकोन अंगणात आखला, तेवढं पुरलं.

मासळीचं पोट

हा भाग वर्गात नाही, घरी, आणि ऐच्छिक. ज्यांच्या घरी मासे साफ होतात त्यांनी आईच्या शेजारी बसून बघायचं आणि सुतळीने मोजायचं: सुरमईचं आतडं किती, बोयीचं किती. बोय चिखलातलं, शेवाळातलं बारीकसारीक खाते. तिचं आतडं वेटोळ्यांचं आणि शरीराच्या कितीतरी पट लांब निघतं. सुरमई दुसरे मासे खाते, तिचं आखूड. चिखल-शेवाळ पचायला वेळ आणि लांबी लागते, मांसाला कमी. मोजणी आतडं ताणून केली तर आकडा फुगतो. ताटलीत पाण्यात सैल सोडून मोजावं. शाकाहारी घरांतल्या मुलांना याच आकड्यांवरून आलेख काढायचं काम दिलं, आणि श्रावणात हा भाग घेतलाच नाही.

उष्टं

लाळेवर आक्षेप येणार हे गृहीत धरून पालकांना आधी सांगितलं होतं. उष्ट्याचा प्रश्न गंभीरपणे घ्यावा, हसण्यावारी नेऊ नये. आजाराच्या दृष्टीनेही तो बरोबरच आहे. प्रत्येकाने फक्त आपलीच लाळ हाताळायची, सर्दी-ताप असलेल्याने वेळ मोजायची. शेवटी सगळ्या शिश्या, कप, पट्ट्या ब्लीचिंगच्या पाण्यात अर्धा तास बुडवून मग धुतल्या, हात साबणाने. व्हिनेगरच्या शिश्या आधी रिकाम्या करून धुवाव्या, आम्ल आणि ब्लीचिंग एकत्र आलं की घातक वायू निघतो. एका मुलीचा संकष्टीचा उपास होता. काही गिळायचं नसल्याने तिला अडचण आली नाही. वाटीतलं, शिशीतलं काहीही तोंडात घालायचं नाही, हे मात्र पुन्हापुन्हा सांगावं लागतं. पेज आहे म्हटल्यावर मोह होतोच.

तपासणी

घटक चाचणीत ‘टायलिनचे कार्य लिहा’ हा प्रश्न ठेवला नाही. त्याऐवजी हा: “एका गटाने पेजेत चिंचेचं पाणी घातलं. आयोडीनचा निळा रंग आला नाही. चिंचेने पिष्ट पचवलं असं म्हणता येईल का? आणखी कोणत्या शिश्या मांडाल?” पाच गुण.

नुसतं ‘नाही’ लिहिणाऱ्याला एक. चिंच आणि पाणी, पेजेशिवाय, ही शिशी सुचवली तर दोन. वाटीत आयोडीनचा स्वतःचा रंग उरला का ते बघू, असं लिहिलं तर आणखी एक. जास्तीचं आयोडीन टाकून निळा परत येतो का बघू, याला एक. चिंचेच्या पाण्याचा तपकिरी रंगच आयोडीनच्या रंगात मिसळून घोटाळा करेल, आधी तो घालवायला हवा, असं दोघांनी लिहिलं. ते उत्तरपत्रिकेच्या नमुन्यात नव्हतं. त्यांना पाचपैकी पाच दिले आणि नमुना दुरुस्त केला.